बारा वर्षांखालील मुलांसाठी

मुंबईत रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप हातात आला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "आज मुलांना कुठेतरी नेऊ या." झालं, घरातली शांतता संपली. कारण हे 'कुठेतरी' नेमकं कुठे, यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं आणि ते शनिवार रात्रीपासूनच तयार असतं. आजीला बाक हवा आणि तो सावलीतला हवा. आजोबांना ज्या बागेत त्यांचा मित्र येत नाही अशी बाग हवी. बापाला पार्किंग हवं. आईला स्वच्छ बाथरूम हवं, आणि मुख्य म्हणजे ते उघडं हवं, कारण बागेत बाथरूम असतंच, फक्त त्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. मुलांना काय हवं हे कुणी विचारत नाही. त्यांना झोपाळा हवा असतो, आणि तिथे आधीच दुसरं कुणीतरी बसलेलं असतं.

मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरसुद्धा येत नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांनी आपापला वाटा एकत्र केला, तर एक झोपाळा उभा राहील, पण झोका घ्यायचा झाला तर शेजाऱ्यांच्या वाट्यात जावं लागेल. असं असूनही या शहरात सहकुटुंब जाण्यासारख्या बागा आणि मैदानं आहेत, आणि काही तर खरोखर अव्वल आहेत. मात्र त्या अव्वल का आहेत, हे त्या बांधणाऱ्यांना माहीत असेलच असं नाही.

पहिलं नाव निघतं राणीच्या बागेचं. १८६२ साली ती व्हिक्टोरिया राणीच्या नावाने उघडली, पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली, पण टॅक्सीवाल्याला अजूनही 'राणीबाग'च सांगावं लागतं. इथल्या तिकिटाच्या दरात कुटुंबसंस्थेचा सखोल विचार झालेला आहे. मोठ्या माणसाला ५० रुपये, मुलाला २५, आणि आई, वडील व दोन मुलं असा संच असेल तर सगळ्यांचे मिळून १००. आता मराठी कुटुंब बागेत जाताना असं चौघांत मावत नाही. बरोबर आत्या असते, तिची मुलं असतात, पुण्याहून भावोजी आलेले असतात. मग खिडकीसमोर मंडळींची फेरजुळणी सुरू होते. एकट्या आलेल्या मावशीला एकट्या आलेल्या काकांशेजारी उभं केलं, पुढ्यात दोन मुलं दिली, की ५० रुपये वाचतात. "पन्नास रुपयांसाठी मी याच्या शेजारी उभी राहायची?" असं मावशी म्हणते, पण उभी राहते. आत गेल्यावर खऱ्या जोड्या पुन्हा जुळायला पेंग्विनपर्यंतचा वेळ लागतो.

हे पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. जात हम्बोल्ट. त्यांच्या खोलीचं तापमान १६ ते १८ अंशांच्या घरात ठेवतात आणि बाहेर मे महिना असतो. त्यामुळे पेंग्विनांविषयी मुंबईकरांच्या मनात जे प्रेम आहे, त्यात एसीचा वाटा किती हे सांगणं कठीण आहे. काचेपाशी सुरक्षारक्षक सारखा "चला, पुढे चला" म्हणत असतो आणि आमची आई काचेला चिकटून, डोळे मिटून, "थांब रे बाबा, नीट बघू दे" म्हणत असते. मुलांचं बघणं केव्हाच संपलेलं असतं. ती बाहेर येतात आणि एक कावळा कुणाच्या तरी हातातला वडा पळवतो तो सोहळा मनापासून बघतात. संध्याकाळी घरी "काय काय पाहिलंस?" या प्रश्नाचं उत्तर "कावळा" असं येतं. वाघ, तरस, अस्वल, सोलचे पाहुणे, दीडशे वर्षांपूर्वीची झाडं, घारापुरीहून आणून ठेवलेला दगडी हत्ती, सगळ्यांनी मान खाली घालावी असं उत्तर. तरी मी ही बाग वरच्या नंबरात घालतो, कारण तिथे सावली आहे. सावलीला तिकीट नसतं आणि तिच्यापाशी कुणी "पुढे चला" म्हणत नाही. फक्त बुधवारी जाऊ नका, बुधवारी सुट्टी असते. पाहुणे मात्र हटकून बुधवारीच येतात.

झोपाळ्याकडे वळायला हवं, कारण बाग कुठलीही असो, खरा सामना तिथे होतो. बागेत साधारण चार झोपाळे असतात. एकाची साखळी तुटलेली, एकाखाली पावसाचं तळं साचलेलं, एकावर कॉलेजातली दोन माणसं हळू आवाजात बोलत असलेली. उरलेल्या एकासाठी रांग. या रांगेचा कायदा कुठेही लिहिलेला नाही, पण तो शहरभर एकच आहे: प्रत्येकाला वीस झोके. मोजायचे कुणी, हा मात्र न्यायप्रविष्ट प्रश्न आहे. झोपाळ्यावरच्या मुलाची आजी मोजते तेव्हा आकडे सावकाश येतात, सोळा आणि सतरा यांच्यामध्ये ती शेजारणीच्या सुनेची चौकशी उरकते. रांगेतली आई मनात मोजते तेव्हा आकडे लोकलच्या वेगाने येतात.

"काकू, झाले ना वीस?"

"अहो आत्ताच तर बसलाय तो. बारा झालेत."

"बारा मघाशी झाले होते."

"ते उजवीकडचे. येऊनजाऊन एक धरतात आमच्याकडे."

इथे वाद गणितातून घराण्यावर जायचा, तेवढ्यात झोपाळ्यावरचा मुलगा स्वतःहून उतरतो आणि मातीत बसतो. कारण त्याला एक गोगलगाय दिसलेली असते. रांगेतली सगळी मुलं रांग सोडून गोगलगाय बघायला जातात. झोपाळा रिकामाच हलत राहतो आणि दोन्ही बायका एकमेकींकडे बघतात. मग काकू म्हणतात, "कुठे राहता तुम्ही?" अशा ओळखी पुढे बारशापर्यंत टिकल्याची उदाहरणं आहेत.

बाप या सगळ्यात कुठे असतो? तो झोपाळ्यामागे उभा असतो. एका हाताने झोका देत असतो, दुसऱ्या हाताने फोन बघत असतो. मूल उतरून गेलं तरी त्याचा हात चालू राहतो.

आता म्हातारीचा बूट. मलबार हिलवर कमला नेहरू पार्क १९५२ साली झाला आणि त्यात एका इंग्रजी बालगीतातल्या म्हातारीचं हे घर उभं राहिलं. ते सोली आर्सीवाला यांचं काम. पुढे सांडपाण्याच्या अभियांत्रिकीत त्यांचं मोठं नाव झालं, पण मुंबईतल्या तीन पिढ्यांना त्यांचा हा बूटच ठाऊक आहे, तोही त्यांचं नाव न कळता. गीतातली म्हातारी गरीब आहे, मुलं ढीगभर आणि जागा बुटाएवढी. मुंबईत तिला ही जागा मिळाली ती मलबार हिलवर, खाली चौपाटी, समोर समुद्र. आजच्या भावाने त्या बुटाची टाचसुद्धा कुणाला परवडणार नाही. म्हातारीने वेळीच घेऊन ठेवला, एवढंच म्हणायचं.

बुटात आहे काय? एक अरुंद जिना. वर एक खिडकी. बस. जिन्याने वर जायचं, खिडकीतून हात हलवायचा, खाली यायचं. यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. लहान मुलं जिन्यावर एकाच वेळी चढतात आणि उतरतात, मध्ये कोंडी होते, किंचाळ्या बाहेरपर्यंत ऐकू येतात, आणि त्या आनंदाच्या आहेत की कसल्या, हे बाहेरच्या आयांना कळत नाही. बापांची रांग फोन वर धरून उभी. "इकडे बघ! इकडे! अरे तो तू नाहीस, तुझ्यामागचा!" प्रत्येक मुंबईकराच्या घरात या खिडकीतला एक फोटो असतो. आमच्या घरी माझा आहे, कृष्णधवल. त्यात खिडकीत तीन मुलं आहेत आणि त्यातला मी कोणता, यावर आई आणि आत्या यांच्यात अजून एकमत झालेलं नाही.

मोठ्यांना बुटात मनाई. याचं दुःख बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक बापाच्या चेहऱ्यावर वाचता येतं. समोरच्या फिरोजशाह मेहता उद्यानात मोठ्यांना मज्जाव नाही, पण तिथे करायचं काय, तर झुडपं कापून केलेले प्राणी बघायचे. १८८१ सालची ही बाग पाण्याच्या टाक्यांवर वसवलेली आहे, म्हणजे मुलं ज्या हिरवळीवर उड्या मारतात तिच्याखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी असतं. हे मी एकदा मोठ्या आवाजात सांगितलं आणि आमची भाची ताबडतोब म्हणाली, "मामा, मला शू लागलीय."

जवळच २०२५ साली झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी ४८५ मीटरची पायवाट झाली आहे. लाकडी, सुंदर, समुद्र दाखवणारी, एके ठिकाणी पायाखाली काच. २५ रुपयांचं तिकीट आधी ऑनलाइन काढायचं आणि तासाभराची वेळ निवडायची. मराठी कुटुंबाला वेळ निवडायला सांगणं हे धाडसच. दहाचा स्लॉट घेतला की घरातून निघायची वेळ दहा असते. ती वाट चालून आलेल्या मुलांचा प्रश्न ठरलेला: "झालं? घसरगुंडी कुठेय?" बुलबुल होता, पर्जन्यवृक्षाच्या फांद्या होत्या, पण तिथून घसरता येत नव्हतं.

आमच्या पुण्याच्या भावोजींना हे सगळं दाखवून झालं. ते प्रत्येक ठिकाणी 'हं' म्हणाले. पुणेकराचा 'हं' हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवटी चहा पिताना म्हणाले, "कमला नेहरू पार्क आमच्याकडेही आहे. लहानपणी आम्ही तिथे डाकोटा विमान बघायला जायचो. तुमच्याकडे बूट. फरक लक्षात येतो." मग पेशवे पार्कातली मुलांची आगगाडी, फुलराणी, निघाली. १९५६ पासून धावते, मुंबईत कुठली गाडी इतकी वर्षं वेळेवर धावली ते सांगा, वगैरे. मी त्यांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची आठवण करून दिली. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली, दहा एकरांची, आखीवरेखीव, देखणी बाग. आख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाचं नाव दिलेल्या बागेत हिरवळीवर पाऊल पडलं की शिट्टी वाजते. भावोजी म्हणाले, "शिट्टी वाजते म्हणून हिरवळ आहे. तुमच्या शिवाजी पार्कात कुठे आहे?"

हा घाव वर्मी लागणारा होता, कारण शिवाजी पार्कात हिरवळ खरोखर कमी आणि धूळ फार. लाल धूळ. ती मुलाच्या कानात, बुटात, डब्यातल्या पोळीत आणि आसपासच्या इमारतींच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. पण या यादीत मला एकच जागा ठेवायला सांगितली तर मी तीच ठेवीन. १९२५ सालचं मैदान, १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. अठ्ठावीस एकर, भोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास कट्टा. आत एकाच वेळी इतके सामने चालू असतात की कुठेही उभे राहिलात तरी तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या स्लिपमध्ये असता. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीवर चालत असतो आणि दोन्हीकडून शिव्या खातो. २०१० पासून हे शांतता क्षेत्र आहे. त्या शांततेत दर मिनिटाला कुठून तरी "हाऊज दॅट" येतं.

इथे लहान मुलांसाठी खेळायची साधनं आहेत, पण मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक मुलगा दुपारभर काडीने मातीत रेघ ओढत बसला होता. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "मेट्रो आहे." काडी थांबली ते दादर. एवढ्यात दुसरा आला, त्याने पायाने स्टेशन पुसलं. मारामारी झाली, मग दोघांनी मिळून कारशेड केली. या खेळाला खर्च शून्य. उलट, आमच्याकडच्या एका बागेत बऱ्याच गाजावाजाने रंगीत फायबरचं 'मल्टी प्ले स्टेशन' बसवलं. लाल बोगदा, पिवळी घसरगुंडी, निळं छप्पर, खाली रबरी फरशी. घसरगुंडी नेमकी भर उन्हात आणि बाकं झाडाखाली. दुपारी त्या घसरगुंडीवर मूल बसलं की त्याला घसरावं लागत नाही, ते आपोआप उडी मारतं. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे शेजारचा फलक. कुणाच्या निधीतून, कुणाच्या प्रयत्नाने, कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत आणि कुणाच्या मार्गदर्शनाखाली. सहा फोटो, सगळे हात जोडलेले. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा जोडाक्षरं त्या फलकावरच शिकला, त्यामुळे तो भाग अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचंही थोडक्यात सांगतो. धारावीला लागून, सदतीस एकर, आणि एके काळी तिथे मुंबईचा कचरा टाकत. त्या कचऱ्यावर आज जंगल उभं आहे, फुलपाखरं आहेत. मी हे अभिमानाने सांगत असताना भाचीने विचारलं, "मग आता कचरा कुठे टाकतात?" मी तिला फुलपाखरू दाखवलं.

आता ओपन जिमविषयी, कारण गेल्या काही वर्षांत ती प्रत्येक बागेत उगवली आहे. तिथला फलक सांगतो, लहान मुलांना मनाई. त्यामुळे लहान मुलं कायम तिथेच असतात. पाय मागेपुढे करायच्या यंत्रावर चौघं, कंबर फिरवायच्या चकतीवर दोघं आणि एक पाळी येण्याची वाट बघत. वजन उचलायच्या दांड्याला एखाद्या आजींची पिशवी लटकलेली. आणि पलीकडे झोपाळ्यांपाशी दुसरा फलक: बारा वर्षांखालील मुलांसाठी. तिथे कोण असतं हे बघायचं असेल तर रात्री साडेनऊनंतर जा. बागेचे दिवे निम्मे गेलेले असतात, मुलं घरी गेलेली असतात. बँकेतून निवृत्त झालेले आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आधी इकडेतिकडे बघतात, चप्पल काढतात, झोपाळ्यावर बसतात. पहिले दोन-तीन झोके जेमतेम, मग पाय लांब. बाजूच्या झोपाळ्यावर त्यांच्या सौभाग्यवती. साखळी कुरकुरते. वॉचमन काठी आपटत त्या बाजूला येतो, बघतो आणि उगाच पाण्याचा नळ तपासायला निघून जातो. एकदा मीही बसलो होतो. ते मला म्हणाले, "तुम्हाला काय, तुमची पाठ अजून बरी आहे." मग तेच म्हणाले, "वीस झाले की उठा हं, हिलापण बसायचंय."

तेव्हा पालिकेच्या उद्यान खात्याला माझी एक विनंती आहे, आणि ती या शहरातल्या पुष्कळ पोक्त माणसांच्या वतीने आहे. नवीन बाग करताना घसरगुंडी झाडाखाली घ्या, बाथरूमची किल्ली बाथरूमलाच लटकवून ठेवा, हे तर आहेच. पण प्रत्येक बागेत एक झोपाळा जाड साखळीचा, रुंद पाटाचा, शंभर किलो पेलेल असा बसवा. शेजारी फलक लावा: 'बारा वर्षांखालील मुलांना मनाई'. त्यावर ज्याचा हवा त्याचा फोटो टाका, आमची हरकत नाही.